रक्तदाबाची नोंद बाईबरोबर माहेरी गेली पाहिजे

पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत शहरांतही अजून बरीच टिकून आहे. सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरली, डोहाळजेवण झाले की मुलगी आईकडे जाते आणि तिथल्या दवाखान्यात नव्याने नाव घालते. रीत चांगलीच आहे. आईच्या घरी मुलीला विसावा मिळतो. पण गरोदरपणातले रक्तदाबाचे विकार पहिलटकरणीत अधिक आढळतात आणि बहुतेक वेळा शेवटच्या तीन महिन्यांत डोके वर काढतात. म्हणजे जिला धोका जास्त, तिचेच डॉक्टर आणि तिच्याच आशाताई धोक्याच्या तोंडावर बदलतात. माहेरच्या डॉक्टरांपुढे ती पहिल्यांदा बसते आणि रक्तदाब १३४/८६ भरतो. हा आकडा ठीक की वाढलेला? चौथ्या महिन्यात तो १००/६० होता हे कळले तर उत्तर वेगळे, १३०/८४ होता हे कळले तर वेगळे. आणि ते ज्यावरून कळायचे तो कागद सासरच्या कपाटात राहिलेला असतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की या आजारात बाईला सगळ्यात आधी सावरते ती नीट मोजलेल्या आकड्यांची सलग नोंद. ही नोंद तुटण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत: सासरहून माहेरी जाताना, उपकेंद्रातून मोठ्या रुग्णालयात पाठवताना आणि बाळंत होऊन घरी परतताना. नोंदीवर इतका भर द्यायचे कारण आजाराच्या स्वभावात आहे. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. १५० चा आकडा घेऊन बाई स्वयंपाक करते, एसटीने प्रवास करते, डोहाळजेवणाचे फोटो काढून घेते. त्यात निरोगी गरोदरपणात रक्तदाब मधल्या महिन्यांत थोडा उतरतो आणि शेवटी पुन्हा मूळ पातळीकडे येतो. त्यामुळे एकट्या-दुकट्या आकड्याने फसगत होते. पूर्वी वरचा आकडा ३० ने किंवा खालचा १५ ने वाढला तरी विकार धरत असत. ही कसोटी आता निदानासाठी वापरत नाहीत, तरी एवढी वाढ दिसली तर बाईवर जवळून लक्ष ठेवावे असे मात्र मानतात. पण वाढ दिसायला आधीचा आकडा हाताशी हवा.

निदानाची रेघ १४०/९० वर आहे. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, यांपैकी एक जरी गाठला आणि चार तासांनी पुन्हा मोजल्यावरही तसाच राहिला, तर तो उच्च रक्तदाब. विसाव्या आठवड्याच्या आधीपासून असेल तर तो बहुधा जुनाच, गरोदरपणात प्रथम सापडलेला. विसाव्या आठवड्यानंतर सुरू झाला तर गरोदरपणाचा. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातल्या प्लेटलेट, मेंदू, डोळे यांपैकी कशावर परिणाम दिसला की त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि झटके आले की एक्लॅम्प्सिया. इथे एक जुना समज सोडायला हवा. ‘लघवी स्वच्छ आहे ना, मग काळजी नाही’ हे वाक्य अजून ऐकू येते. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच निदानासाठी लघवीत प्रथिने असण्याची अट काढली, कारण लघवी स्वच्छ असतानाही यकृत आणि प्लेटलेट बिघडलेल्या बायका दिसत होत्या. १६०/११० हा आकडा आला तर मात्र चार तास थांबायचे नसते. पंधरा मिनिटांत पुन्हा मोजायचे आणि तासाभरात औषध सुरू करायचे, कारण या पातळीला मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते.

हे होते कशाने, याचे उत्तर घरातल्या लोकांनी समजून घेण्यासारखे आहे, कारण ते न समजल्यामुळे दोष भलत्याच माणसाच्या माथी जातो. गर्भ रुजतो तेव्हा वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतल्या नागमोडी रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्या रुंद करतात, म्हणजे पुढे वाढत्या बाळाला रक्त कमी पडत नाही. काही बायकांत हे काम अर्धवट राहते. रक्त अपुरे मिळालेली वार मग आईच्या रक्तात अशी प्रथिने सोडते की तिच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावते. यांतले एक महत्त्वाचे प्रथिन डॉ. अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले. बिघाड पहिल्या चार-पाच महिन्यांतला आणि त्याचा परिणाम दिसतो सातव्या-आठव्या महिन्यात. तेव्हा सून चिडचिड करते म्हणून, लोणचे खाते म्हणून किंवा ऑफिसला जाते म्हणून हा आजार झाला, असे म्हणण्याला काही आधार नाही. जगभरात शंभर गरोदर स्त्रियांमागे साधारण दोन ते आठ जणींना प्रीएक्लॅम्प्सिया होतो. २०१८-२० या काळात भारतात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. आणि रक्तस्राव व रक्तदाबाचे विकार ही मातामृत्यूची दोन ठळक कारणे आहेत. महाराष्ट्राचा आकडा देशाच्या मानाने बराच कमी आहे, पण उरलेल्या या मृत्यूंपैकीही पुष्कळसे वेळेवर मोजमाप आणि उपचार झाले तर टळण्यासारखे असतात.

नोंद सलग हवी हे खरे, पण ती खरी असावी लागते. गरोदरपणातल्या तपासण्यांच्या पुष्कळ कार्डांवर प्रत्येक भेटीपुढे १२०/८० लिहिलेले असते आणि खाली एक बरोबरची खूण. माणसाचा रक्तदाब दर महिन्याला इतका तंतोतंत सारखा राहत नाही. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात अंदाजे लिहिला जाणारा तो आकडा आहे, आणि त्याच्यापेक्षा कोरी जागा बरी, कारण ती निदान खोटा दिलासा देत नाही. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, लघवीला जाऊन यावे, त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री घेऊ नये. पाठ खुर्चीला टेकलेली, पावले जमिनीवर, पायावर पाय नाही. दंड उघडा असावा. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून तिच्यावर पट्टा बांधू नये. पट्टा छातीच्या पातळीला असावा आणि मोजताना बोलू नये. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर रक्तदाब आहे त्याहून जास्त दिसतो. याच्या उलट चूक अधिक घातक आहे. गरोदर बाईला डाव्या कुशीवर झोपवून वरच्या हातावर मोजले की हात हृदयाच्या वर असल्याने आकडा कमी येतो. बसून १४४ असलेली बाई अशी झोपून ‘नॉर्मल’ ठरू शकते. सिस्टरना किंवा डॉक्टरांना ‘किती आला?’ असे विचारण्यात काही उद्धटपणा नाही. आकडा कानाने ऐकावा आणि कार्डावर तोच लिहिला गेला की नाही तेही पाहावे.

यावर सुशिक्षित घरांतून एक सूचना लगेच येते: घरीच डिजिटल यंत्र आणू, रोज मोजू. त्याला माझा विरोध नाही, पण त्याचा पुरावा कितपत आहे तेही सांगायला हवे. इंग्लंडमध्ये पंधरा रुग्णालयांत सुमारे २,४०० जोखमीच्या गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरी रक्तदाब मोजणाऱ्यांत विकार लवकर सापडला असे दिसले नाही. म्हणजे घरचे यंत्र निरुपयोगी आहे का? मला तसे वाटत नाही. तिथे या बायकांच्या दवाखान्यातल्या भेटीच मुळात वारंवार होत होत्या. यंत्राला भर घालायला फारशी जागा उरली नव्हती. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात किमान चार तपासण्या धरल्या आहेत आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंतच्या काळात त्यांतल्या दोनच येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ पासून आठ भेटींची शिफारस केली आहे, त्यांपैकी पाच तिसाव्या आठवड्यापासून पुढच्या. मधल्या मोकळ्या आठवड्यांत घरचा आकडा उपयोगी पडू शकतो. अट अशी की यंत्र दंडावर बांधायचे असावे, मनगटावरचे नको, आणि ते एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून घ्यावे, कारण काही यंत्रे प्रीएक्लॅम्प्सियात रक्तदाब कमी दाखवतात. आकडे तारखेसह वहीत लिहावेत. आणि घरी चांगला आला म्हणून दवाखान्याची फेरी चुकवू नये, कारण लघवी, बाळाची वाढ आणि आईचे वजन घरचे यंत्र सांगत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जुना आणि जास्त पक्का आहे: आमच्या वेळी कुठे कोणी बीपी मोजत होते, त्रास झाला की जाऊ डॉक्टरांकडे. अडचण अशी की या आजारात त्रास जाणवू लागतो तोवर तो पुष्कळ पुढे गेलेला असतो, आणि तेव्हाही तो ओळखीच्या कपड्यांत येतो. बरगड्यांखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखू लागले, मळमळले की घरचे म्हणतात पित्त झाले. आले-लिंबू, थंड दूध, फार तर औषधाच्या दुकानातली ॲसिडिटीची गोळी. खरे तर यकृताला सूज येऊन त्याचे आवरण ताणले गेले की नेमके तिथेच दुखते. त्याबरोबर तांबड्या पेशी फुटू लागतात आणि प्लेटलेट घसरतात. डॉक्टर त्याला हेल्प सिंड्रोम म्हणतात, आणि तेव्हा बाई काही तासांत गंभीर होऊ शकते. न थांबणारे डोके दुखणे ‘झोप झाली नाही’ म्हणून सोडून दिले जाते. डोळ्यांपुढे काजवे, अंधारी, धूसर दिसणे अशक्तपणाच्या खात्यात जाते. सुजेचे तर उलटच आहे. पायांवरची संध्याकाळची सूज बहुतेक गरोदर बायकांना येते आणि आता ती निदानात धरतही नाहीत. पण सकाळी उठल्यावर तोंड सुजलेले, अंगठी निघत नाही, बांगड्या दोन दिवसांत घट्ट झाल्या, असे असेल तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा. यांपैकी कोणतीही तक्रार विसाव्या आठवड्यानंतर आली की आधी आकडा, मग पित्ताचे औषध, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा.

आकडा वाढला आणि डॉक्टरांनी गोळी दिली की तिसरी शंका येते: औषधाने बाळाला काही होणार नाही ना? शंका वाजवी आहे, कारण काही औषधांनी खरोखर होते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल या नेहमीच्या गोळ्या गरोदरपणात घ्यायच्या नसतात. बाळाच्या मूत्रपिंडांना त्या इजा करतात. म्हणून आधीपासून रक्तदाब असलेल्या स्त्रीने मूल हवे असे ठरवतानाच डॉक्टरांना भेटून गोळी बदलून घ्यावी, आणि सासूबाईंची किंवा वडिलांची बीपीची गोळी गरोदर मुलीला कधीही देऊ नये. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन आणि मिथिलडोपा ही तीन औषधे मात्र गरोदरपणात दीर्घकाळ वापरात आहेत. त्यांची समोरासमोर तुलना झाली ती आपल्या नागपुरातच, दोन सरकारी रुग्णालयांत. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या अभ्यासात फार वाढलेला रक्तदाब असलेल्या ८९४ स्त्रियांना यांपैकी एकेक औषध तोंडावाटे दिले. सहा तासांत रक्तदाब आटोक्यात येण्याचे प्रमाण निफेडिपिनने ८४ टक्के, लॅबेटॅलॉलने ७७ आणि मिथिलडोपाने ७६ टक्के होते. म्हणजे शिरेतून इंजेक्शन देण्याची सोय नसलेल्या ठिकाणीही साध्या, स्वस्त गोळ्यांनी उपचार सुरू करता येतो. सौम्य वाढीबद्दल पूर्वी डॉक्टरांमध्येच मतभेद होते: रक्तदाब फार उतरवला तर बाळाला रक्त कमी पडेल अशी भीती असे. अमेरिकेत सुमारे २,४०० स्त्रियांवर झालेल्या २०२२ च्या अभ्यासात जुना रक्तदाब १४०/९० च्या खाली ठेवल्याने गुंतागुंती ३७ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आल्या आणि बाळे लहान भरण्याचे प्रमाण वाढले नाही. दमा असेल तर ते मात्र आधी सांगावे, लॅबेटॅलॉल मग टाळतात.

गोळीला भिणारे घर अळणी जेवणाकडे वळते. दोन महिने मीठ तोडून, खाटेवर झोपवून ठेवल्याने प्रीएक्लॅम्प्सिया टळतो असे दिसलेले नाही. जागतिक आरोग्य संघटना त्यासाठी या दोन्ही गोष्टी सुचवत नाही. पापड-लोणच्याचा मारा नको हे ठीक, पण अळणी भाजीने अन्नावरची वासनाच उडाली तर बाळाचे पोषण घटते, आणि सतत पडून राहिल्याने पायातल्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. उपयोगाच्या गोष्टी दोन. पहिली कॅल्शियम, विशेषतः जिथे दूध-दही-नाचणी रोजच्या ताटात कमी असते तिथे. सरकारी कार्यक्रमात चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज देतात आणि बाळंतपणानंतर सहा महिने त्या चालू ठेवायच्या असतात. लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नयेत, दोन तासांचे अंतर ठेवावे. दुसरी गोष्ट ॲस्पिरिन, तीही कमी मात्रेत आणि फक्त डॉक्टरांनी सांगितल्यावर. युरोपातल्या २०१७ च्या चाचणीत जास्त धोका असलेल्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिल्यावर दिवस भरण्याआधी उद्भवणारा प्रीएक्लॅम्प्सिया ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आला. सुमारे बारा हजार पहिलटकरणींवरच्या २०२० च्या चाचणीत नागपूर आणि बेळगाव हीही केंद्रे होती, आणि त्या चाचणीत ॲस्पिरिनने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आली. मागच्या खेपेला हा विकार झालेला, जुना रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, ल्युपस किंवा जुळी असतील तर ॲस्पिरिनबद्दल स्वतःहून विचारावे. पहिली खेप, पस्तिशी उलटलेली, वजन फार जास्त, आईला किंवा बहिणीला झालेला, यांपैकी दोन लागू असतील तरीही. पण विचारायची वेळ तिसरा-चौथा महिना. सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाले तर त्याचा खरा लाभ.

सर्वांत कडू वाद होतो तो बाळंतपण केव्हा करायचे यावर. सदतिसाव्या आठवड्यात डॉक्टर कळा आणू म्हणाले की नातेवाइकांना पैशांचा वास येतो. खाजगी दवाखान्यांतले सिझेरियनचे वाढते प्रमाण पाहता हा संशय मी हवेतला म्हणणार नाही. तरी इथे पुरावा डॉक्टरांच्या बाजूने आहे. या आजाराचे मूळ वारेत असल्याने ती बाहेर पडेपर्यंत तो मागे फिरत नाही. औषधांनी रक्तदाब उतरतो, आजार चालूच असतो. हॉलंडमध्ये ७५६ स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ साली छापून आलेल्या चाचणीत छत्तीस आठवड्यांनंतर कळा आणलेल्यांत ३१ टक्क्यांना गुंतागुंत झाली, वाट पाहिलेल्यांत ४४ टक्क्यांना; आणि सिझेरियन वाढले नाहीत, उलट थोडे कमीच दिसले. नागपुरातच झालेल्या २०१७ च्या दुसऱ्या एका अभ्यासात रक्तदाब वाढलेल्या ६०२ स्त्रियांमध्ये कळा आणण्यासाठी मिसोप्रोस्टॉलची गोळी आणि रबरी फुगा यांची तुलना झाली: चोवीस तासांत नैसर्गिक प्रसूती गोळीने ५७ टक्के, फुग्याने ४७. म्हणजे कळा आणणे म्हणजे सिझेरियनच, हे समीकरण बरोबर नाही. संशय असेल तर डॉक्टरांना नेमके विचारावे: आजार सौम्य आहे की तीव्र, प्लेटलेट आणि यकृताचे अहवाल काय, बाळाची वाढ कशी, कळा आणायच्या की थेट शस्त्रक्रिया आणि का. आजार तीव्र असेल तर चौतिसाव्या आठवड्यापासून पुढे सहसा थांबत नाहीत, आणि त्याहून लवकरची वेळ आली तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. अशा वेळी जन्मतः लहान बाळाची सोय असलेले रुग्णालय आधी शोधावे, तिथे बाळ पोटात असतानाच जावे.

झटके आले तर काय, हे माहीत असणाऱ्या घरांत तरी कांदा-चप्पल हुंगवण्यात आणि ‘बाहेरचे’ शोधण्यात वेळ जाणार नाही. बाईला डाव्या कुशीवर वळवावे, आजूबाजूची टोकदार वस्तू दूर करावी, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये आणि १०८ ला फोन करावा. या झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे औषध आहे. १९९५ साली अनेक देशांत मिळून झालेल्या चाचणीने ते फिट्सच्या इतर औषधांहून सरस ठरवले, आणि २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत ते आधीच दिल्यावर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. आपल्या बायकांची शरीरयष्टी लहान, म्हणून कमी मात्रेची पद्धत मांडण्याचे काम सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी केले. पुढे पाठवण्याआधी पहिला डोस द्यायची मुभा सरकारी सूचनांनुसार एएनएम सिस्टरनाही आहे. मात्र किती आणि केव्हा दिले याची चिठ्ठी बाईबरोबर गेली नाही, तर पुढच्या रुग्णालयात एक तर तेच पुन्हा दिले जाईल किंवा काहीच दिले जाणार नाही.

याच कार्डावर बाकीचीही माहिती असते, तिचे थोडक्यात. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांना तो होता. रक्तक्षय आणि रक्तदाब एकत्र आले तर बाळंतपणातला साधा रक्तस्रावही झेपत नाही. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासतात, १४० किंवा वर आली तर गरोदरपणाचा मधुमेह. ही तपासणी पहिल्या भेटीत आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून रक्त गेले किंवा पोट दगडासारखे कडक होऊन दुखू लागले तर रात्रीसुद्धा निघावे. वाढलेल्या रक्तदाबात वार अकाली सुटण्याचा धोका असतो आणि मग मिनिटे मोजावी लागतात.

नोंद तुटण्याची सर्वांत दुर्लक्षित जागा बाळंतपणानंतरची आहे. मूल झाले, वार पडली, आजार संपला, असे घराला वाटते आणि कधी कधी दवाखान्यालाही. पण रक्तदाब प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जाऊ शकतो, आणि सरळ बाळंतीण अठ्ठेचाळीस तासांनी घरी जाते. झटक्यांच्या रुग्णांत बाळंतपणानंतर पहिला झटका आलेल्याही असतात. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, डोके दुखले तर वारा लागला म्हणून कानांना फडके बांधायचे आणि शेगडी वाढवायची; या रिवाजात हे दुखणे अगदी सहज झाकले जाते. रक्तदाब वाढलेला असेल तर घरी जाण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: शेवटचा आकडा, चालू ठेवायच्या गोळ्या, आणि पुन्हा मोजायच्या तारखा, ज्यांतली एक तीन दिवसांच्या आत आणि एक सात ते दहा दिवसांत हवी. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात, पण मुख्यतः बाळासाठी. त्यांना आईबद्दल सांगावे आणि आकडा मोजायची सोय करायला लावावे. स्तनपान चालू असताना निफेडिपिन, लॅबेटॅलॉल, एनालाप्रिल घेता येते, तेव्हा दुधाच्या भीतीने गोळ्या बंद करू नयेत.

हे सगळे करूनही काय फरक पडणार, सरकारी यंत्रणाच तोकडी आहे, असे कोणी म्हणेल. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत, तसेच पाकिस्तान आणि मोझांबिकमध्ये, गावातल्या सेविकांनी घरी जाऊन रक्तदाब मोजण्याचा मोठा प्रयोग झाला. २०२० मध्ये त्याचा निकाल आला तेव्हा एकूण मृत्यू आणि गुंतागुंती घटल्याचे दिसले नाही. मात्र ज्यांच्याकडे सेविका आठ किंवा जास्त वेळा पोचल्या, त्यांच्यात मृत जन्म कमी होते. अशा बायका मुळातच सजग घरांतल्या असतील, हे मान्य. पण एकदा मोजून सोडून दिल्याने काही साधत नाही, एवढे यावरून म्हणता येते. मोजणे वारंवार हवे आणि पुढे उपचाराचे दार उघडे हवे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, ती चुकवू नये. माहेरी जायचे ठरले की निघण्याआधीच तिथले रुग्णालय ठरवावे, तिथे शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय आहे का ते विचारावे, आणि कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो मुलीच्या, आईच्या आणि नवऱ्याच्या फोनमध्ये ठेवावा. दुर्गम आदिवासी भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर आहे. कळांची वाट घरी पाहण्यापेक्षा तिथे आधी जाऊन राहता येते. प्रसूतिकक्षातही ‘रक्तदाब आहे’ हे स्वतःच्या तोंडाने पुन्हा सांगावे, कारण रक्तस्राव थांबवण्यासाठी देतात त्यांतले मिथिलअर्गोमेट्रिन हे इंजेक्शन अशा बाईला टाळायचे असते, ऑक्सिटोसिन चालते.

सहा आठवड्यांनी रक्तदाब उतरला तरी फाइल रद्दीत जाऊ नये. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांना पुढे कायमचा रक्तदाब होण्याचा धोका तिपटीहून अधिक आणि हृदयविकाराचा सुमारे दुप्पट असतो, म्हणून वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी, आणि चाळिशीत कधी छातीत दुखले तर डॉक्टरांना बाळंतपणातली ही हकिगत सांगावी. ते आपणहून विचारतीलच असे नाही. पुन्हा दिवस राहिले तर तीच फाइल घेऊन बाराव्या आठवड्याच्या आत नाव घालावे. ॲस्पिरिन द्यायची की नाही हे त्याच भेटीत ठरते. पाचव्या महिन्यात गेले तर ती वेळ निघून गेलेली असते.